सिनेमा विसरला, गाणे का नाही?

प्रश्न : माझ्या वडिलांनी जबलपूरहून आणलेली उषा उथुप यांच्या निवडक गाण्यांची एक कॅसेट आमच्याकडे आहे. मध्यंतरी नात्यातल्या एका लग्नात डीजेने ‘हरि ओम हरि’ लावले आणि साठीची माणसे व कॉलेजातली मुले एकदमच उठून नाचायला लागली. हे गाणे कोणत्या सिनेमातले, असे मी नंतर विचारले तर एकालाही सांगता आले नाही. डिस्को केव्हाच संपला असे वाचतो. मग ही गाणी का टिकली? आणि अशा ‘निवडक’ संग्रहांना संगीत म्हणून काही मोल असते, की तो फक्त कंपन्यांचा धंदा? ती कॅसेट जपून ठेवावी का?
— एक वाचक, पाटन (जि. जबलपूर)

उत्तर : आधी सिनेमाचे नाव सांगून टाकतो. ‘प्यारा दुश्मन’, १९८०. आवाज उषा उथुप यांचा, संगीत बप्पी लाहिरी यांचे, पडद्यावर कल्पना अय्यर. पुढच्याच वर्षी याच तिघांचे ‘रंभा हो’ आले, ते ‘अरमान’मध्ये. हे दोन्ही सिनेमे आज कोणी मुद्दाम शोधून पाहत असेल असे वाटत नाही. गाणी मात्र तुमच्या मांडवात वाजली. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथेच दिसते.

आपल्याकडे गाणे जन्माला येते तेच सिनेमाच्या नावाने. तबकडीच्या वेष्टनावर सिनेमाचे नाव मोठे, नायक-नायिकेचे चित्र त्याहून मोठे, खाली संगीतकार, आणि गाणाऱ्याचे नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. दुकानात आणि रेडिओवरही गाणे सिनेमाच्याच नावाने ओळखले जायचे. सिनेमा चालला तर गाण्याला घर मिळाले, पडला तर गाणे बेवारशी झाले. लतादीदी, आशाताई किंवा किशोरकुमार यांना याचा फारसा त्रास नव्हता. त्यांची गाणी इतकी होती की त्यांच्या नावाचे संग्रह सतत निघत राहिले. उषा उथुप यांचे तसे नाही. त्यांच्या वाट्याला हिंदी सिनेमातले बहुधा एखादेच गाणे यायचे, आणि तेही नायिकेसाठी क्वचितच. क्लबात नाचणारी, खलनायकाच्या अड्ड्यावर गाणारी, तस्करांच्या मेजवानीत दिसणारी बाई पडद्यावर आली की हा आवाज. त्यामुळे त्यांची गाणी दहा वेगवेगळ्या तबकड्यांवर, दहा वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेली राहिली. ती पहिल्यांदा एकत्र आली ती निवडक गाण्यांच्या कॅसेटमध्ये. या गायिकेच्या बाबतीत तरी तो संग्रह हाच तिचा खरा पत्ता आहे. तुम्ही विचारता तो धंदा त्यात आहेच, पण त्या धंद्याने एक चांगले काम केले: विखुरलेला आवाज एका नावाखाली आणला.

हा आवाज कुठला, तेही पाहू. उषा उथुप यांचा जन्म १९४७चा, मुंबईचा. घर तमिळ, वडील मुंबई पोलिसांत, लहानपण भायखळ्यात, शाळा तिथलीच सेंट ॲग्नेस. म्हणजे कलकत्त्याची म्हणून सगळा देश ओळखतो ती ‘दीदी’ मुळात भायखळ्याची मुलगी. शाळेत संगीताच्या वर्गात त्यांचा आवाज बसत नसे. मुलींच्या कोवळ्या, उंच पट्टीतल्या समूहगानात हा जाड, खालचा आवाज वेगळाच ऐकू यायचा. बाईंनी त्यांना वर्गाबाहेर काढले, मात्र मुलीत ताल आहे हे ओळखून हातात वाजवायला साधी तालवाद्ये दिली. शास्त्रशुद्ध शिक्षण असे नाहीच. घरात रेडिओ सिलोन, शेजारी भायखळ्याची बहुभाषक वस्ती आणि बहिणी गाणाऱ्या. थोरली बहीण उमा पोचा यांचेही नाव झाले.

१९६९ मध्ये मद्रासच्या माउंट रोडवरच्या ‘नाइन जेम्स’ या छोट्या नाइट क्लबात त्या गायला उभ्या राहिल्या, साडी नेसून. क्लबात गाणाऱ्या बाईने कसे दिसावे याचा त्या काळचा एक ठरलेला साचा होता. त्यांनी तो मानला नाही. साडी, कपाळावर मोठी टिकली, हात भरून बांगड्या, केसांत फूल, आणि गाणे इंग्रजी. पुढे मुंबईचे ‘टॉक ऑफ द टाउन’, मग कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरचे ‘ट्रिंकाज’, मग दिल्लीचे ओबेरॉय. दिल्लीत देव आनंद यांच्या मंडळींनी त्यांना ऐकले आणि ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) या सिनेमात त्यांचा आवाज आला. हे सगळे डिस्कोच्या आधीचे. डिस्कोची लाट भारतात पोचली तेव्हा त्यांच्या गाठीशी दहा वर्षांचा मंचाचा सराव होता, आणि तो त्यांच्या प्रत्येक गाण्यात ऐकू येतो.

डिस्को म्हणजे नेमके काय, हे दोन वाक्यांत सांगतो, कारण टिकण्याचे कारण ठेक्यातही आहे. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर बास ड्रमचा एकसारखा ठोका, दोन ठोक्यांच्या मध्ये झांजेचा उघडा आवाज, मिनिटाला साधारण ११० ते १३० ठोके, आणि त्यावर वळसे घेत फिरणारी बास गिटार. सम शोधावी लागत नाही, कारण पाय कुठेही टाकला तरी तो मात्रेवरच पडतो. कहरव्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हा ठेका परका वाटायचे कारणच नव्हते. आपली लेझीम आठवा: आकडा धरला की शंभर माणसे एकत्र हलतात, वेगळे शिकवावे लागत नाही.

आता ‘डिस्को संपला’ या गोष्टीबद्दल. ती अमेरिकेची आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग मैदानात स्फोटाने उडवला गेला. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या रागामागे संगीताची नावड कमी आणि ज्यांनी हे संगीत उभे केले त्या काळ्या, लॅटिन आणि समलिंगी लोकांबद्दलचा आकस जास्त होता, असे तेव्हाही अनेकांनी सांगितले. मलाही तेच पटते. त्यानंतर तिथल्या रेडिओने डिस्कोला झपाट्याने बाहेर काढले.

भारतात मात्र डिस्को याच सुमाराला दारात उभा होता. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आला. बंगलोरचे बिद्दू यांचे संगीत आणि लंडनमध्ये राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचे एकच गाणे; त्या एका गाण्याने हवा बदलली. त्याच वर्षी ‘कर्ज’ आला. त्याचे दिग्दर्शक सुभाष घई नागपुरात जन्मलेले, आणि त्यातला खलनायक सर जुडा म्हणजे तुमच्या जबलपूरचे प्रेमनाथ. तिथली एम्पायर टॉकीज विकत घेणारे ते हेच. तुमच्या भागातल्या माणसांना डिस्को परका नव्हता असे म्हणायला एवढा धागा मला पुरेसा आहे. १९८२च्या शेवटी ‘डिस्को डान्सर’ आला, १९८४ मध्ये तो सोव्हिएत संघात लागला, आणि तिथल्या लोकांनी त्याला जे प्रेम दिले ते इथल्यापेक्षा कमी नव्हते. त्यातले ‘कोई यहाँ नाचे नाचे’ बप्पीदांबरोबर उषा उथुप यांनी गायले आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेत डिस्कोला एक ठरावीक जागा होती: शहरातला बंद, अंधारा, दिव्यांचा क्लब. ती जागा बदनाम झाली, बंद पडली, तसे संगीतही रस्त्यावर आले. आपल्याकडे अशी जागा मुंबई, दिल्ली, कलकत्त्याच्या मूठभर हॉटेलांपलीकडे नव्हतीच. पाटनला कोणी डिस्कोथेक काढले नव्हते, साताऱ्यालाही नाही आणि अकोल्यालाही नाही. आपला डिस्को आला तो टॉकीजच्या पडद्यावरून, ऑर्केस्ट्राच्या मंचावरून, बँडवाल्यांच्या ट्रम्पेटमधून, मांडवाच्या खांबाला बांधलेल्या भोंग्यातून. महाराष्ट्रात तो गणपतीच्या मांडवात गेला, जबलपुरात दुर्गापूजा आणि दसऱ्याच्या गर्दीत. क्लबाला परवाना लागतो, तिकीट लागते, वय लागते. मांडवाला यातले काहीच लागत नाही, आणि मांडव दर वर्षी पडतो. म्हणून आपल्याकडे डिस्को संपण्याचा प्रश्नच आला नाही. १९८७च्या ‘गंमत जंमत’मध्ये किशोरकुमार मराठीत ‘अश्विनी ये ना’ गातात. अमेरिकेने डिस्कोचा निकाल लावून तेव्हा आठ वर्षे झाली होती आणि इथे मराठी सिनेमा नाचाच्या ठेक्यावर मजेत होता.

पण ठेका आणि मांडव एवढ्यानेच टिकत असते तर त्या दशकातले प्रत्येक गाणे टिकले असते. शेकडो डिस्को गाणी त्या पाच-सहा वर्षांत निघाली आणि बहुतेक गेली. राहिली ती मूठभर, आणि त्यांत उषा उथुप यांची इतकी का, याचे माझे उत्तर त्यांच्या पट्टीत आहे. त्या काळी हिंदी सिनेमातला बाईचा आवाज म्हणजे उंच, बारीक, टोकाला जाणारा. ते गाणे ऐकावे. घरातल्या बाईने सोबत म्हणायला घेतले तर तार सप्तकात दम तुटतो. उषा उथुप यांचा आवाज ढाला. त्या खालच्या पट्टीत बायकाही गाऊ शकतात, पुरुषही, आणि घसा बसलेली मावशीसुद्धा. तुमच्या लग्नात साठीची माणसे नाचली एवढेच तुम्ही लिहिलेत. ती तोंडाने गातही असणार, अशी माझी खात्री आहे. शिवाय मुखड्यातले शब्द मोजके आणि उच्चार स्वच्छ. एकदा ऐकले की पाठ. देवाच्या नावाचा गजर करायची सवय असलेल्या समाजाला ‘हरि ओम हरि’ या तीन शब्दांवर एकमुखाने ओरडायला कोणी शिकवावे लागत नाही.

त्याची चाल मूळची नव्हे, हेही सांगायला हवे. ती ‘वन वे टिकट’ची: १९५९ मध्ये नील सेडाका यांनी गायलेली आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी ‘इरप्शन’ या गटाने डिस्कोच्या ठेक्यावर पुन्हा गाजवलेली. ‘कोई यहाँ नाचे नाचे’तही ‘द बगल्स’च्या १९७९च्या गाजलेल्या गाण्याची ओळख पटते. बप्पीदांवर यासाठी टीका झाली आणि ती गैर नव्हती. मूळ कर्त्यांचे नाव द्यायला हवे होते. पण चाल उचलली म्हणून गाणे टिकत नाही. चाली उचललेली असंख्य गाणी त्याच काळात येऊन विरली. ज्यांत गाणाऱ्याने स्वतःचे काही घातले तीच राहिली. उषा उथुप यांचे हे गाणे मूळ गाण्यासोबत लागोपाठ ऐका. मूळ गाणे घर सोडून जाणाऱ्याचे, दुःखाचे आहे. यांच्या गळ्यात तेच स्वर आमंत्रण होतात.

हा आवाज सगळ्यांना रुचला असे नाही. १९८३च्या सुमारास पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारातले सार्वजनिक बांधकाम मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी त्यांच्या गाण्याला अपसंस्कृती ठरवले आणि सरकारी सभागृहे त्यांच्यासाठी बंद केली. त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. त्याच शहरात राहिल्या, टिकलीवर बंगाली ‘क’ लावून कलकत्त्याला आपले म्हणत गात राहिल्या. याच गायिकेला २०११ मध्ये पद्मश्री आणि २०२४ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०११च्या ‘सात खून माफ’मधल्या ‘डार्लिंग’साठी रेखा भारद्वाज यांच्यासोबत फिल्मफेअरही. ज्या गाण्याला चाळीस वर्षांपूर्वी संस्कृतीचा शत्रू म्हटले ते आज आजी-नातू एकत्र म्हणतात. अशा बंद्या घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: निवडक संग्रहाला संगीत म्हणून मोल आहे का? ख्यालगायकाच्या बाबतीत मी नाही म्हटले असते. अर्ध्या तासाच्या मैफलीतले पाच मिनिटांचे तुकडे जोडून गायक कळत नाही. डिस्कोचे उलट आहे. ते संगीतच एकेका गाण्यासाठी घडवलेले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये बारा इंची तबकडीवर एकच गाणे घ्यायची पद्धत पडली. चरे रुंद, त्यामुळे आवाज मोठा आणि खर्ज भरदार. नाचणाऱ्याला पुढचे गाणे हवे असते, त्याच सुरात, न थांबता. अमेरिकेतली डिस्कोची सर्वांत मोठी गायिका डोना समर हिचा ‘ऑन द रेडिओ’ हा निवडक गाण्यांचा दोन तबकड्यांचा संच १९७९च्या अखेरीस आला तो याच विचाराने बांधलेला: गाणी थोडी कापून, एकात एक गुंफून. तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि दोन तबकड्यांचे लागोपाठ तीन संच पहिल्या क्रमांकावर नेणारी ती पहिली ठरली. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी म्युनिकमध्ये तिच्यासाठी १९७७ साली केलेले ‘आय फील लव्ह’ जवळजवळ सगळे सिंथेसायझरवर उभे आहे, आणि त्या एका गाण्यातून पुढचे अर्धे इलेक्ट्रॉनिक संगीत निघाले. डोना २०१२ मध्ये गेली. दहा वर्षांनी बियॉन्सेने आपल्या गाण्यात त्याच सुरावटीचा आधार घेतला. डोना समरची ओळख नव्या पिढीला झाली ती बहुतेक अशा संग्रहांतूनच.

मात्र संग्रह घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. आपल्याकडे सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे असतात. ‘कुर्बानी’ पॉलिडोरचा, ‘डिस्को डान्सर’ एचएमव्हीचा. त्यामुळे एका कंपनीच्या संग्रहात दुसऱ्या कंपनीचे गाणे सहसा नसते, आणि ‘सर्वोत्तम’ असे वर छापले तरी आत असते ते त्या कंपनीच्या कपाटातले सर्वोत्तम. दुसरा घोळ पुनर्ध्वनिमुद्रणाचा. कॅसेटच्या भरभराटीच्या काळात गाजलेली गाणी दुसऱ्या गळ्यांतून गाऊन घेऊन स्वस्तात विकली जात. कधी खुद्द गायकानेच वीस वर्षांनी नव्या वाद्यमेळात तेच गाणे पुन्हा गायलेले असते. ते वाईट असेलच असे नाही, पण ते १९८०चे गाणे नव्हे. वेष्टनावर सिनेमाचे नाव आणि वर्ष छापलेले असेल तर मूळ ध्वनिमुद्रणाची शक्यता जास्त. मोबाइलवर ऐकतानाही हेच पाहा. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो, म्हणजे १९८१चे ‘रंभा हो’ २०४१च्या अखेरीपर्यंत कंपनीच्या हक्कात आहे. पण २०१२च्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही मानधनापलीकडे रॉयल्टीचा वाटा मागता येतो. तेव्हा अधिकृत ठिकाणी ऐकणे हे गायकाच्या बाजूचे आहे.

हिंदी सिनेमाच्या संग्रहात उषा उथुप पूर्ण सापडत नाहीत, हेही सांगतो. त्यांच्या १९६८च्या सुरुवातीच्या इंग्रजी तबकड्या, बंगाली, मल्याळम आणि इतर भाषांतली गाणी, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे त्यांचा मंच, हे त्यात नाही. मंचावर त्या एकाच कार्यक्रमात पाच-सहा भाषा बदलतात, मधेच श्रोत्यांशी बोलतात, गाणे अर्ध्यावर थांबवून लोकांकडून म्हणवून घेतात. त्यांच्या आयुष्यावर विकास कुमार झा यांचे ‘उल्लास की नाव’ हे हिंदी पुस्तक आहे. तुम्हाला जबलपुरात ते मिळणे अवघड नाही.

आता कॅसेट. जपून ठेवा, आणि तशीच वाजवू नका. आधी फितीच्या कडांवर पांढरट बुरशी दिसते का ते उजेडात पाहा. दिसली तर ती कोणत्याही यंत्रात घालू नका, ती यंत्राच्या हेडला लागते आणि दुसऱ्या कॅसेटी बिघडवते. बुरशी साफ करणारा जाणकार गाठा. फीत स्वच्छ असेल तर मधल्या उघड्या जागेतला छोटा फेल्टचा दाब-तुकडा जागेवर आहे ना ते पाहा. डिंक सुकून तो गळतो आणि मग आवाज दबका येतो. लोक फीत खराब झाली समजून कॅसेट टाकतात, प्रत्यक्षात दोष त्या तुकड्याचा असतो. तो बसवता येतो. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतील. पहिल्याच वाजवण्यात ती संगणकावर उतरवून घ्या: कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या लाइन-इनमध्ये एक वायर पुरते. नंतर कॅसेट डबीत घालून, उभी, स्पीकरपासून आणि पावसाळी भिंतीपासून लांब ठेवा.

उतरवून झाल्यावर वेष्टनावरची गाण्यांची यादी, कंपनीचे नाव आणि वर्ष असलेल्या भागाचा फोटो आम्हाला पाठवा. त्यातले मूळ ध्वनिमुद्रण कोणते आणि नंतर गायलेले कोणते, हे या सदरात सांगू. इतर वाचकांकडे उषा उथुप यांच्या अशा जुन्या कॅसेटी असतील तर त्यांनीही कळवावे, विशेषतः मराठी गाणी असलेल्या.